गाठ दिसली म्हणून कुत्र्याचे महिने मोजू नका

यवतमाळ-वाशीमकडच्या गावांतल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘कुत्र्याच्या अंगावर गाठ म्हणजे कॅन्सर. गाठ जेवढी मोठी तेवढे दिवस कमी. सुई-चाकू लावला की पसरते, सहा महिन्यांत खेळ खलास. बिबा लावा, गळून पडेल.’ रानडुकरं अन् रोह्यांपासून वावर राखणारं कुत्रं या चार ओळींपायी बिनइलाजाचं राहतं.

गाठ म्हणजे कॅन्सरच, हे साफ चूक. गोचीड उपटताना तोंड आत राहिलं तरी गाठ येते. तीन वर्षांच्या आतल्या कुत्र्याच्या कानावर किंवा डोक्यावर बोरासारखी लाल गोल गाठ अचानक येते, ती बहुतेक वेळा हिस्टिओसायटोमा, म्हणजे कातडीची निरुपद्रवी गाठ निघते आणि दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरते. बिबा लावणाऱ्याला मात्र वाटतं, गुण बिब्याचाच.

आकाराचं म्हणाल तर म्हाताऱ्या कुत्र्याच्या बरगडीवरची चरबीची गाठ तळहाताएवढी होऊनही वर्षानुवर्षं त्रास देत नाही. उलट मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे कातडीतल्या मास्ट नावाच्या पेशींचा कॅन्सर, वाटाण्याएवढा असूनही घातकी असू शकतो. तो हाताला कधी चरबीसारखाच मऊ लागतो. चोळला की त्यातून हिस्टामिन हे सूज आणणारं रसायन सुटतं, भोवती लाली-सूज येते, मग उतरते. म्हणून ‘मऊ आहे, काही नाही’ हेही खरं नाही. या ट्यूमरचा अंदाज पेशींवरून बांधतात. 2011 साली आलेल्या वर्गवारीत सूक्ष्मदर्शकाखालच्या दहा क्षेत्रांत विभागणाऱ्या पेशी सात किंवा जास्त दिसल्या, तर गाठ वरच्या दर्जाची धरतात. पेशींची केंद्रकं वेडीवाकडी असली तरी तसंच. त्या अभ्यासात वरच्या दर्जाच्या कुत्र्यांचं मध्यक आयुष्य चार महिन्यांहून कमी भरलं, खालच्या दर्जाचं दोन वर्षांहून जास्त. मध्यक म्हणजे निम्मी कुत्री त्याहून जास्त जगली. तुमचं कुत्रं कोणत्या निम्म्यात, हे कागद सांगत नाही, मेसेज तर नाहीच.

अन् ‘सहा महिने’? गावकुत्र्यांत मिलनातून पसरणारा, बहुधा लिंगावर किंवा योनीत येणारा रक्ताळ ट्यूमर घ्या. दिसायला भयंकर, पण आठवड्याला एक अशी व्हिन्क्रिस्टिन या कॅन्सरवरच्या औषधाची काही इंजेक्शनं घेतली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. हे औषध शिरेबाहेर गेलं तर मांस सडवतं, म्हणून ते डॉक्टरच्याच हातून.

तपासणीसाठी गाठीत सुई घालून पेशी काढतात, त्या सुईची भीती मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये रास्त आहे, तिथे डॉक्टरही सुई टाळतात. कातडीच्या गाठीत असं पसरणं अगदी दुर्मीळ. चाकूचं म्हणाल तर गाठ अर्धवट काढली, कडेला पेशी राहिल्या, की तिथेच पुन्हा उगवते. लोक म्हणतात चाकूनं पसरली. म्हणून ‘साहेब, कडा साफ निघाल्या का?’ हे विचारायचंच. काढलेली गाठ फेकू न देता तिच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये (मांस टिकवणारं द्रावण) तपासणीला पाठवायला सांगा. पशुवैद्यकीय महाविद्यालय नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे, पदव्युत्तर संस्था अकोल्यात.

बिब्याचं तेल कातडी जाळतं. कुत्रं ते चाटतं, तोंड भाजतं, वर जखमेवर माश्या बसून किडे पडतात. गाठीचं मूळ आत तसंच राहतं, आणि नंतर सुई घातली तर हाती येतो तो बराचसा पू आणि मेलेलं मांस.