"मामा, त्यात नुसती वावरंच आहेत"

सकाळपासून डोकं फिरलंय. लिहून टाकतो, म्हणजे दुपारी भाच्याशी नीट बोलता येईल.

आमच्या कन्याकुमारीच्या फोटोंचा व्हिडिओ करून दे म्हणून मीच त्याच्या मागं लागलो होतो. डिसेंबर २०११, एक जुनी स्प्लेंडर, मी आणि माझा दोस्त, डब्बल सीट. (दोस्ताचं नाव लिहीत नाही, त्याला फेसबुकवर नाव आलेलं खपत नाही.) आज पोट्ट्यानं व्हिडिओ पाठवला. मागं ढणढण म्युझिक, आणि सुरुवात थेट चारमिनारपासून. म्हटलं, अरे, आपल्या वाशीमच्या कारंज्यापासून निघालो ना आम्ही? पहिले तीन दिवस कुठं गेले? तर म्हणतो, "मामा, त्यात काहीच नाही ना. नुसती वावरंच आहेत."

नुसती वावरं! वावराच्या पैशावर इंजिनीअरिंगला गेलेलं पोट्टं हे.

पहिल्या दिवशी आम्ही जेमतेम ऐंशी किलोमीटर गेलो, हे खरं आहे. आईनं गुरुमंदिरात नारळ फोडल्याशिवाय गाडीला किक मारू दिली नाही. मग दारव्ह्यात दोस्ताची मावशी. "दोन मिंटं बसा" म्हणाली आणि वांग्याची भाजी, भाकर, वर पुन्हा शिरा. साडेतीन तिथंच वाजले. पुढं शकुंतलेचे, म्हणजे आमच्या यवतमाळच्या छोट्या रेल्वेचे, रूळ कधी डावीकडं, कधी उजवीकडं. तेव्हा गाडी रडतखडत का होईना चालू होती. माझे आजोबा याच गाडीनं यवतमाळला जायचे. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं आणि चढावर माणसं उतरून तिच्या बाजूनं चालत, असं ते सांगायचे. आता रुळांत बाभळी उगवल्यात. त्या रुळांपाशी उभ्या केलेल्या स्प्लेंडरचा फोटो होता. पोट्ट्यानं तोही उडवला.

पण माझा खरा राग दुसऱ्या फोटोसाठी आहे. दोस्त ओसरीवर उकिडवा बसलाय, केसांत, भुवयांत, मिशीत कापूस, आणि तो दोन्ही हातांनी पाठ खाजवतोय. फोटो हललेला आहे, मान्य. "ब्लर आहे म्हणून काढला" म्हणे.

त्याची गोष्ट अशी. दुसऱ्या दिवशी यवतमाळहून पांढरकवड्याकडं निघालो. जोडमोहा मागं पडलं, दिवस बुडायला आला आणि गाडीच्या चेनची कडी जोडणारं चेनलॉक उडालं. चेन रस्त्यावर, आम्ही धुऱ्यावर. मोबाइलला रेंज नाही. कापूस भरलेली एक बैलबंडी येत होती. बंडीवरच्या काकाजींनी विचारलं, "कोठी जाऊन राहिले बाप्पा?" कन्याकुमारीला म्हटलं. "तिथी काय हाये?" समुद्र. "मंग?"

या 'मंग'ला माझ्याकडं आजही उत्तर नाही.

त्यांच्या घरी दोन खोल्या, त्यातली एक छतापर्यंत कापसानं भरलेली. आदल्या हंगामात भाव कडाडले होते, त्या आशेनं लोकांनी माल धरून ठेवला होता. त्या साली हमीभाव होता ३३०० रुपये क्विंटल, आणि बाजार काही हलत नव्हता. आम्हाला झोपायला जागा तेवढीच, कापसाच्या ढिगावर. शहरातल्या मित्रांना वाटेल, वा, मऊ मऊ गादी! ज्यांच्या घरी कापूस साठवून ठेवतात त्यांना विचारा. रात्रभर अंगाची आग आग. काकाजींची दोन लेकरं ओसरीवर झोपली होती, हाता-पायांवर खाजवून खाजवून फोड आलेली. त्यांना ही खाज भाव येईपर्यंत. आम्हाला एक रात्र, तर आम्ही काकुळतीला आलो.

मध्यरात्री त्या ढिगावरच आमचं भांडण झालं. परत जायचं की पुढं जायचं. जोरात बोलता येईना, घर झोपलेलं. कुजबुजत शिव्या देणं किती अवघड असतं, ते करून बघा.

आता कोणी म्हणेल, दहा मिनिटं वावरं कोण बघतं? बरं बाबा, कोणी बघत नाही, मीही दुसऱ्याची बघणार नाही. पण तुमच्या रील बघा ना एकदा. नागपूरचा माणूस कन्याकुमारीला निघतो आणि बुटीबोरी, हिंगणघाट, पांढरकवडा सगळं गायब. जणू गाडी विमानातून हैदराबादेत सोडली. आमच्या कारंज्याजवळून आता समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटर, नागपूर ते मुंबई, आणि दुचाकीला बंदी. कोणी पोरगं माझ्यासारखं फटफटीवर निघालं तर त्यानं खालच्या रस्त्यानंच जावं, हे मला मनापासून आवडतं. (बंदी जिवाच्या काळजीपोटी आहे, कळतं मला. आणि बहिणीला नागपूरच्या दवाखान्यात नेताना याच रस्त्यानं आम्ही वेळेत पोचलो, तेही विसरलो नाही.)

त्याच पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ २०१९ मध्ये निघाला आणि आदिलाबाद, मराठवाडा करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात कॉलर होती म्हणून पावलापावलाची नोंद झाली. सगळ्या पेपरात नकाशे आले, आणि त्या नकाशातून कोणी वावरं कापली नाहीत!

चहा घेऊन आलो. जरा शांत झालोय.

वर मी भांडण झालं एवढंच लिहून पुढं सरकलो. परत जायचं कोण म्हणत होतं, ते लिहिलंच नाही. पंधरा-एक वर्षं लोकांना सांगत आलो की दोस्त म्हणत होता. मी म्हणत होतो. आणि कारंज्यातच तो बोलला होता, "एक चेनलॉक जास्तीचं घे बे, दहा-वीस रुपयाचं येते." मीच म्हटलं होतं, काही होत नाही. त्या रात्री तो यातलं अवाक्षर बोलला नाही. फक्त म्हणाला, "मावशीले काय सांगू? पांढरकवड्यावरून वापस आलो?"

सकाळी काकाजींचा मोठा पोरगा काळीपिवळीनं पांढरकवड्याला गेला, लॉक आणायला. तो येईपर्यंत काकाजींनी आम्हाला वावरात नेलं, वेचायला. दोस्ताचं स्वतःचं वावर आहे, तो बायकांच्या बरोबरीनं ओळ ओढत होता. माझी बोटं बोंडांच्या टोकांनी सोलली, दोन तासांत ओटीत मूठभर कापूस. काकू हसून म्हणाल्या, "राहू द्या मास्तर, तुमच्यानं नाही होत." मी मास्तर नाही. तरी कन्याकुमारीपर्यंत दोस्तानं मला मास्तरच म्हटलं.

दुपारी निघालो. पाटणबोरी, पिंपळखुटी, पैनगंगेचा पूल. तेव्हा तेलंगणा व्हायचं होतं, पुलापलीकडं आंध्र. पाट्या तेलुगू झाल्या, छाती फुगली, परमुलखात आलो! आदिलाबादेत टपरीवर मी हातवारे करून दोन चहा मागितले. टपरीवाला म्हणाला, "साखर कमी की जास्त?"

एवढं टाइप करेपर्यंत दोस्ताचा फोन आला. त्यालाही व्हिडिओ पाठवला होता. म्युझिक आवडलं त्याला. मग म्हणाला, "मास्तर, माहा खाजवता फोटो नाही दिसला बे?"

भाच्याला आत्ताच मेसेज टाकलाय. हललेला असू दे, तो फोटो पहिला लाव.