डॉल्फिनचा पाठलाग सोडा, सुकतीची वेळ गाठा

कोकणात निसर्ग पाहायला आलेल्या पाहुण्याला आम्ही किनाऱ्यावरची माणसे सर्वप्रथम बोटीत बसवतो, हे मला अलीकडे फार खटकू लागले आहे. आपल्याकडचा हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात वावरतो, त्यामुळे तो सहज दिसतो, हे खरे. परंतु श्वास घ्यायला वर आलेल्या जनावराभोवती एकाच वेळी चार-पाच इंजिने घरघरवत न्यायची आणि त्याने बुडी मारली की पुन्हा त्याच्या मागे लागायचे, याला निसर्गदर्शन म्हणणे मला जमत नाही.

त्याऐवजी हेदवी किंवा आंबोळगडसारखा कातळाचा किनारा सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी पायी पाहावा. वेळ काढणेही अवघड नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अदमासे कळते, हा जुना हिशेब आहे. म्हणजे तृतीयेला सव्वादोनच्या सुमारास भरती आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी सव्वाआठच्या आसपास सुकती. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या द्वितीया-तृतीयेला पाणी चांगले दूरवर ओसरते आणि उन्हाचा तडाखाही बसत नाही, म्हणून मी याच तिथी सुचवतो. (हेदवीच्या कातळातली बामणघळ ही अरुंद घळ मात्र भरतीतच पाहावी.)

पाणी हटले की कातळातल्या डबक्यांत समुद्रफुले (फुलासारखे दिसणारे समुद्री प्राणी) उमललेली दिसतात, रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटलेले खेकडे लगबगीने चालतात, आणि नशीब असेल तर दगडाच्या रंगाशी रंग जुळवून बसलेला ऑक्टोपस डोळ्यांसमोर असूनही बराच वेळ ओळखू येत नाही. जवळच गावातल्या बाया कालवे काढत असतात. त्यांना अदबीने विचारले, तर कोणत्या खाचेत काय राहते हे त्या कोणत्याही माहितीफलकापेक्षा नेमके सांगतात. हिवाळ्यात हिमालयापलीकडून आलेले चिखल्या पक्षीही ओल्या वाळूत टिपत असतात. कुरव पक्ष्यांना फरसाण टाकून फोटो काढणाऱ्यांविषयी न बोललेलेच बरे.

पथ्ये थोडीच आहेत. उलटून पाहिलेला दगड पुन्हा होता तसाच पालथा ठेवावा, नाहीतर त्याखालचे जीव उन्हात सुकून मरतात. सुंदर नक्षीचा कोनाकृती शंख जिवंत असल्यास त्याचा दंश विषारी असतो, तेव्हा हात लावू नये. पाणी वळले की लगेच मागे फिरावे.

हे पर्यटनाच्या मुळावर येईल, अशी शंका काही व्यावसायिक मित्र घेतात. त्यांनी मंडणगड तालुक्यातले वेळास पाहावे. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले आणि आज ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी लोक दोरीबाहेर मुकाट्याने थांबतात, गावातल्या घरांतच राहतात आणि जेवतात. पिल्ले बाहेर आली नाहीत तर त्या दिवशी ती दिसत नाहीत, हेही ते मान्य करतात.

तेव्हा घरगुती निवास चालवणाऱ्यांना माझी एवढीच सूचना आहे, की दारातल्या फळ्यावर मोदक-घावन्यांच्या दराशेजारी त्या दिवसाच्या सुकतीची वेळही रोज लिहावी.