गच्चीची किल्ली आणि इतर ग्रह

विज्ञानकथा वाचणाऱ्या माणसाला आपल्याकडे कोणी वाईट म्हणत नाही. दारू पिणाऱ्याला म्हणतात, शेअर बाजारात पैसे घालवणाऱ्याला म्हणतात. आमच्याकडे फक्त कनवाळूपणे बघतात. "अजून वाचतोस का रे ते यानांचं?" असं मामा विचारतो तेव्हा त्याचा सूर "अजून अंगठा चोखतोस का" या जातीचा असतो.

आमच्या वाचनालयात या पुस्तकांना स्वतःचं कपाट नाही. निम्मी बालविभागात फास्टर फेणेच्या शेजारी, उरलेली 'विज्ञान' अशी चिठ्ठी लावलेल्या फळीवर, शेतीपंपांची देखभाल आणि मधुमेहींचा आहार यांच्या मधोमध. बालविभागातल्या खुर्च्या गुडघ्याएवढ्या. त्यांच्यात ओणवं होऊन मी पुस्तकं शोधतो, आणि बाई शिक्का मारता मारता विचारतात, "मुलासाठी ना?" मी मान हलवतो. मला मुलगा नाही. मुलगी आहे, ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला कादंबऱ्या लागतात त्या खुनाच्या.

तशी या लेखनप्रकाराला तोंड लपवायची सवय जुनीच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कोण्या गृहस्थाच्या 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा लिहून काढली त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी. परीक्षकांवर नावाचं दडपण येऊ नये हा त्यांचा हेतू, मला ठाऊक आहे. तरीही केंब्रिजहून आलेला जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञसुद्धा मराठीत विज्ञानकथा लिहिताना वेषांतर करून येतो, याचा मला फार आधार वाटतो. आश्चर्य मात्र मंगलाताईंचं. माझी बायको माझ्यासाठी वाण्याची यादीसुद्धा लिहून देत नाही.

सिनेमाच्या बाबतीत आमच्या घरात एक करार आहे. पडद्यावर यान फुटलं आणि धडाम आवाज आला, तर मी बोलायचं नाही. निर्वात पोकळीत आवाज पोचत नाही हे सबंध रांगेला ठाऊक आहे असं समजून चालायचं. मंगळावरच्या वादळात माणसं उडून पडली तरी गप्प बसायचं. तिथल्या हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे तिथलं घोंघावणारं वादळ अंगाला फार तर झुळकीसारखं लागेल, हे घरी जाताना रिक्षात सांगायला परवानगी आहे. रिक्षात कोणी ऐकत नाही.

२०२५च्या फेब्रुवारीत 'इंटरस्टेलर' पुन्हा थेटरात लागला तेव्हा मी सहकुटुंब गेलो. सहकुटुंब म्हणजे सासऱ्यांसकट. आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत आणि त्यांना कुठल्याही सिनेमात धरण किती चांगलं बांधलंय एवढंच बघायचं असतं. इथे सुरुवातीला नुसती धूळ. मग तो पाण्याचा ग्रह आला, गुडघाभर पाणी आणि डोंगराएवढी लाट, तेव्हा आप्पा सावरून बसले. कृष्णविवराच्या इतक्या जवळ की तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होतो. म्हटलं, आता माणूस हलणार. किप थॉर्नसारख्या भौतिकशास्त्रज्ञाने गणित करून हे आकडे बसवलेत. मध्यंतरात सांगायला मी दोन वाक्यं जुळवूनही ठेवली.

मध्यंतरात आप्पा म्हणाले, "जावईबापू, हे आपल्याकडे भागवतात आहे. नववा स्कंध."

पॉपकॉर्नच्या रांगेत त्यांनी मला गोष्ट सांगितली. ककुद्मी राजा आपल्या रेवतीला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेला, हिच्यासाठी कोणतं स्थळ बघू म्हणून. तिथे गंधर्वांचं गाणं चाललेलं. राजा क्षणभर थांबला. गाणं संपल्यावर यादी पुढे केली तर ब्रह्मदेव हसला, म्हणाला, तुझ्या यादीतले सगळे गेले, त्यांचे नातू-पणतूही गेले. खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली आहेत. आता बलरामाला दे.

मी मनातल्या मनात हिशेब केला. एक चतुर्युग त्रेचाळीस लाख वीस हजार वर्षांचं, गुणिले सत्तावीस म्हणजे अकरा कोटी सहासष्ट लाख चाळीस हजार वर्षं. एका गाण्यात! हॉलिवूडने एवढा खर्च करून तासाला सात वर्षांचा भाव काढला होता.

माझी अडचण अशी की गोष्ट मला भयंकर आवडली. इतकी मोठी कल्पना एका उपवर मुलीच्या बापाच्या खांद्यावर द्यायची, हे कुठल्याही विज्ञानकथाकाराने पाया पडावं असं आहे. विष्णुपुराणात तर पुढचं लग्नघरही आहे. रेवती जुन्या युगातली, म्हणून फार उंच. बलरामाने नांगराचं टोक लावून तिला आपल्या मापाची केली. वधू-वरांच्या उंचीच्या प्रश्नावर याहून थेट उपाय आजवर कोणत्याही विवाहमंडळाला सुचलेला नाही. पण आप्पा ती गोष्ट म्हणून सांगत नव्हते, पावती म्हणून दाखवत होते. "म्हणजे बघा, आपल्याला सगळं माहीत होतं," ते म्हणाले आणि सिनेमाचा उत्तरार्ध त्यांनी गाढ झोपेत काढला. उत्तर आधीच कळलं होतं, जागं राहून करायचं काय?

सिनेमाचं एक बरं असतं, दिवे लागले की सुटका. खऱ्या अवकाशमोहिमा मात्र घरात बसून बघाव्या लागतात. ६ सप्टेंबर २०१९ला आमच्याकडे गौरी जेवल्या आणि त्याच रात्री दीडनंतर चांद्रयान-२चा विक्रम चंद्रावर उतरणार होता. इस्रोने ही वेळ ठरवताना आमच्या आत्याला विचारलं नव्हतं. हॉलमध्ये पुरणपोळ्यांनी जड झालेले पाहुणे शिस्तीत पसरलेले. टीव्हीही तिथेच. मी आवाज बंद करून, दोन मेव्हण्यांच्या मधल्या फटीत, मांडी घालून बसलो. डावीकडे गौरी उभ्या, समोर बंगळुरूचा नियंत्रण कक्ष. पडद्यावरच्या रेषेवरून तो ठिपका नीट खाली येत होता. मग जरासा घसरला. मग थांबला. माझ्या तोंडून मोठ्याने "अरेरे!" निघालं.

आत्या दचकून उठली. "काय रे? काय झालं?"

"विक्रमशी संपर्क तुटला."

"अगं बाई! कधी?"

"आत्ताच. दोन किलोमीटरवर होता गं फक्त."

"म्हणजे जवळच आला होता की! मग बसलायस काय? गाडी काढा, कोणीतरी जा!"

या आरोळीने निम्मा हॉल जागा झाला. मेव्हण्याने पायजम्यावरच गाडीची किल्ली शोधायला घेतली. मामी म्हणाली, साताऱ्याचा विक्रम असेल तर काळजी नको, त्याचा फोन कायमच बंद असतो. कोणीतरी तरीही साताऱ्याला फोन लावला. विक्रमने पहिल्या रिंगला उचलला आणि रात्री दोन वाजता तो जिवंत असल्याबद्दल आमच्याकडचे चारजण त्याच्यावर चिडले. मी बापडा "चंद्रावर, चंद्रावर" म्हणत होतो. शेवटी ते आत्याच्या कानावर पडलं. तिने पडद्यावरचे शास्त्रज्ञांचे पडलेले चेहरे बघितले, माझा बघितला आणि म्हणाली, "चंद्रावर होय! मग झोप आता. एवढ्या रात्री तिथे कोण जाणार?"

दुसऱ्या दिवशी गौरींना निरोप देताना मात्र ती विक्रमसाठी काहीतरी पुटपुटली, हे मी ऐकलंय. आणि २३ ऑगस्ट २०२३ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं तेव्हा पहिला फोन तिचाच. "आपला विक्रम पोचला ना रे?" मी हो म्हणालो. हा दुसरा विक्रम, पहिला आदळला, हे सांगत बसलो नाही. चार वर्षं लागली पोराला, पण पोचला, अशा समजुतीत ती आहे.

आमच्या नानाकाकांचं प्रकरण वेगळं. त्यांच्या मते माणसाने दोनच गोष्टींना वेळ द्यावा, गाणं आणि जेवण. त्यांना गटवायला मी व्हॉयेजर काढलं. १९७७ साली सुटलेली दोन यानं, पाठीवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी. तिच्यात पंचावन्न भाषांमधले नमस्कार आहेत, त्यांत मराठीही आहे. आणि सगळ्या हिंदुस्थानी संगीतातून निवडलेली एकच चीज आहे, केरीच्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो'. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलेली माणसाची पहिली वस्तू, आणि तिच्यात आपल्या गोव्याचा आवाज!

नानाकाका डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, जिंकलो.

"राग कुठला दिलाय?"

"भैरवी."

"भैरवी?" काकांनी डोळे उघडले. "भैरवी शेवटी गातात. पहिल्याच भेटीत भैरवी ऐकवली तर ते लोक काय समजतील? मैफल संपली, उठा. आणि किती वेळ?"

"साडेतीन मिनिटं."

"साडेतीन मिनिटांत केसरबाई! नशीब ते परत पत्र पाठवत नाहीत." मग मला दारापर्यंत पोचवताना म्हणाले, "आता परत जाणार असेल कोणी, तर सांग. मी यादी करून देतो." गेले काही महिने ते यादीच करताहेत. जौनपुरी आधी की तोडी आधी यावर अडलंय.

एवढं सगळं झाल्यावर माणसाने शहाणं व्हावं. पण २०२४च्या दिवाळीनंतर आकाश स्वच्छ होतं आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक संध्याकाळी सातच्या आसपास आमच्या डोक्यावरून जाणार होतं. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. सूर्य मावळलेला असतो, पण चारशे किलोमीटर वर अजून ऊन असतं, त्या उन्हात ते चमकतं. विमानासारखं लुकलुकत नाही. तासाला अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने, चार-पाच मिनिटांत आकाश पार करून पृथ्वीच्या सावलीत शिरतं आणि विझतं. एवढं फुकट असताना मध्ये येते गच्चीची किल्ली, आणि ती सेक्रेटरींकडे.

"कशासाठी हवी?"

"अवकाश स्थानक बघायला."

"मोबाइल टॉवरचं का? त्याला आपण नाही म्हणून कळवलंय."

मी समजावून सांगितलं. त्यांनी वही काढली आणि 'कारण' या रकान्यात बराच विचार करून 'वैयक्तिक' असं लिहिलं. मग म्हणाले, मी येतो बरोबर, मागे एकाला दिली तर त्याने वर वाढदिवस केला. त्यांच्यामागून खजिनदार आले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पापड काढायला आल्याच होत्या.

काकूंना सुनीता विल्यम्स वर अडकल्याचं ठाऊक होतं. आठ दिवसांसाठी म्हणून जूनमध्ये गेली, अजून वरच. "आठ दिवसांचेच कपडे नेले असतील हो. धुतात कुठे?" मी सांगितलं, तिथे धुणं नसतंच. मळलेले कपडे कचऱ्याबरोबर मालवाहू यानात भरतात आणि ते यान वातावरणात जळून जातं. काकू म्हणाल्या, बरं आहे. "आणि पाणी?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कोणी आपणहून प्रश्न विचारला होता. मी रंगात आलो. घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं गोळा करून शुद्ध करतात, पुन्हा तेच पितात. २०२३मध्ये नासाने अठ्ठ्याण्णव टक्के पाणी परत मिळवून दाखवलं.

काकूंनी पापडांचं ताट पदराखाली घेतलं. सेक्रेटरी मात्र एक पाऊल पुढे आले. "किती टक्के म्हणालात?"

"अठ्ठ्याण्णव."

ते खजिनदारांकडे वळले. "ऐकलंत? आणि आपला एसटीपी, सांडपाणी शुद्ध करायचा! बागेला सोडलं तर गुलाब मेले. महिन्याला टँकरचं बिल किती होतं हो?" खजिनदार म्हणाले, बिल्डरने मोटारच चुकीची बसवली आहे. सेक्रेटरी म्हणाले, मोटारीचा ठराव तुमच्याच वेळी झाला. आवाज ऐकून चौथ्या मजल्यावरचे दोघे वर आले, ते टँकरविरोधी गटातले.

तेवढ्यात वायव्येकडून ते आलं. शुक्रासारखं ठसठशीत, सरळ, काही घाई नसल्यासारखं. मी ओरडलो, "ते बघा! ते बघा!" सेक्रेटरींनी वर न बघता हात केला, "एक मिनिट हो, हे महत्त्वाचं चाललंय." फक्त काकूंनी बघितलं. एका हाताने ताट सांभाळत दुसऱ्याने त्यांनी वर हात हलवला आणि म्हणाल्या, "बारीक झाली असेल."

पुढच्या सर्वसाधारण सभेत नासाच्या धर्तीवर पाणी वापरण्याचा विषय आला. सूचक म्हणून माझं नाव इतिवृत्तात आधीच छापलेलं होतं. तज्ज्ञ सभासद घरचाच असताना बाहेरचा सल्लागार कशाला, असा मुद्दा खजिनदारांनी मांडला आणि टँकरविरोधी गटाने टाळ्या वाजवल्या. आता मी एसटीपी उपसमितीचा अध्यक्ष आहे. पदाबरोबर सोसायटीच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा मिळतो, त्यात गच्चीचीही आहे. स्थानक अजून अधूनमधून संध्याकाळी जातं म्हणे. मी त्या वेळी तळघरात असतो, मोटारवाला सातलाच येतो.