दार आमचें, फातर तांचो

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

पाहुण्यांना घेऊन जुन्या गोव्यात गेले होते. सेंट कॅथरीनच्या चॅपेलसमोर शाळेची सहल उभी होती. गाइड म्हणाला, "पोर्तुगीज इथून आत आले आणि गोव्याचा सुवर्णकाळ सुरू झाला." संपलं. पोरं आइस्क्रीमकडे पळाली.

मी दहा वर्षांची असताना आजोबांनी मला याच भिंतीपाशी उभं केलं होतं. तिथल्या दगडावरचं पोर्तुगीज त्यांनी सावकाश वाचून दाखवलं. इथे शहराचं दार होतं, १५१० साली सेंट कॅथरीनच्या दिवशी पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकेर्क त्यातून शिरला आणि त्याने शहर घेतलं, १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्रालने त्याची आठवण म्हणून ही वास्तू बांधली. मग दगडावर बोट टेकवून म्हणाले, "दार आमचें, फातर तांचो." दार आपलं, दगड त्यांचा.

दगडावर जिंकल्याचा दिवस आहे. २५ नोव्हेंबर. त्यापुढचे चार दिवस नाहीत. ते आल्बुकेर्कने स्वतःच पोर्तुगालच्या राजा मॅन्युएलला पत्रात कळवलेत! सहा हजार मुसलमान मारले, बायकांसकट. अभिमानाने लिहिलंय. हा सुवर्णकाळ?

कुणीतरी म्हणेलच, दार आदिलशहाचं होतं, तुमचं कसलं. बरं, होतं. पोर्तुगिजांना इकडे वळवणारा तिमोजाही हिंदूच, तेही मान्य. शेतकऱ्यांना आणि ब्राह्मणांना सोडा, असा हुकूम दिल्याचंही त्याच पत्रात आहे. म्हणजे आमच्यासारखे वाचले. म्हणून गप्प बसायचं? तीसेक वर्षांत आमच्या देवळांवर आलेच की ते. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदीपलीकडे नार्व्याला न्यावा लागला. शिवाजी महाराजांनी १६६८ साली तिथलं देऊळ नव्याने बांधायला लावलं, हे आपण छाती फुगवून सांगतो. ते सहा हजार मात्र आपल्याही तोंडी येत नाहीत. गाइडवर चिडून घरी आले आणि लिहिता लिहिता राग आपल्याच माणसांवर वळला.

चॅपेल पाडा म्हणणाऱ्यांतली मी नाही. साधी, शांत वास्तू आहे, मला आवडते. आजोबांचाही भिंतीवर राग नव्हता. त्या दिवशी ते टोपी काढून, हात जोडून उभे राहिले. देव तर आतला त्यांचा नव्हे, म्हणून मी विचारलं, "आजोबा, कोणाक नमस्कार?"

"दारांत पडले, तांकां."

एवढंच हवंय मला. त्या दगडाशेजारी एक फलक, कोंकणीत आणि मराठीत. चार दिवसांच्या चार ओळी. सहलीतल्या पोरांना वाचता येतील अशा.

फलक लागेल तेव्हा लागेल. येत्या २५ नोव्हेंबरला सकाळी मी तिथे जाणार आहे. दगडावरचा मजकूर मराठीत मोठ्याने वाचणार आणि त्यावर नाही ते सांगणार. नंतर फेरीने दिवाडी, तिथून दुसऱ्या फेरीने नार्वे. कोण येतंय सोबत?