टीमच्या फोटोत मॅनेजर कडेला असतो

कॉलेजात दोन वर्षं मी फुटबॉल टीमचा मॅनेजर होतो. म्हणजे ज्याला खेळता येत नाही, पण टीमसोबत हिंडायची हौस आहे असा पोरगा. जर्सीचं गाठोडं, ग्लुकोजचा डबा, एसटीची तिकिटं, सगळं माझ्या गळ्यात. एकदा सांगलीत उतरल्यावर लक्षात आलं की गोलकीपरचे ग्लोव्हज होस्टेलच्या खिडकीत वाळत राहिलेत. त्या दिवशी आम्ही चार गोल खाल्ले आणि परतताना माझ्याशी कुणी चकार शब्द बोललं नाही.

म्हणून ‘सवानी’ची गोष्ट कुणी सांगायला लागलं की माझं लक्ष भलतीकडेच जातं.

गोष्ट १८९९ ची, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली. फुटबॉल म्हणजे त्यांचा, लांबुळका चेंडू काखेत मारून पळायचा. सवानी हे डोंगरपठारावरचं, चर्चनं काढलेलं छोटं कॉलेज. त्या मोसमात बारा मॅच खेळले आणि बाराही जिंकले. गुण ३२२, दिले फक्त १०, आणि तेही एकट्या ऑबर्नच्या टीमला. ती मॅच ११-१० अशी निसटत जिंकली.

पण नाव झालं ते नोव्हेंबरातल्या सहा दिवसांमुळे. ९ तारखेला ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठाशी, १२-०; पुढच्या टीमही अशाच विद्यापीठांच्या. १० ला ह्यूस्टनला टेक्सास ए अँड एम, १०-०. ११ ला न्यू ऑर्लिन्सला टुलेन, २३-०. रविवारी सुट्टी, चर्चचं कॉलेज ना! सोमवारी बॅटन रूजला एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी), ३४-०. मंगळवारी मेम्फिसला ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ), १२-०. चार हजार किलोमीटरचा रेल्वेप्रवास, पोरं एकवीस. तेव्हा फॉरवर्ड पासला, म्हणजे चेंडू हातानं पुढे फेकायला परवानगी नव्हती (ती मिळाली १९०६ मध्ये), त्यामुळे खेळ म्हणजे निव्वळ रेटारेटी. टेक्सासच्या मॅचमध्ये कॅप्टन सायबेल्सचं डोकं फुटलं, तर पट्टी बांधून गडी पुन्हा उभा.

आता यावर ‘तेव्हाची माणसं लोखंडाची, आजची पोरं मोबाइलवर’ छापाचे फॉरवर्ड फिरतात. मला त्यांचा कंटाळा आलाय. पोरं चिवट होती, कबूल. पण सहा दिवसांत पाच मॅच हा काही शौर्याचा नवस नव्हता. तो पैशाचा हिशेब होता! व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी दरवर्षीची मॅच म्हणजे मोठा गल्ला. त्या वर्षी गेटच्या, म्हणजे तिकिटांच्या पैशांच्या वाटणीवरून दोघांचं वाजलं आणि मॅचच झाली नाही. खड्डा कुठून भरायचा? एवढं लांब जायचंच, तर वाटेत जितक्या मॅच तितकी गेटची वाटणी. हे जुळवलं ल्यूक ली नावाच्या मॅनेजरनं. वय वर्षं वीस. मोबाइल नाही, ईमेल नाही. सगळा मामला पत्रांचा आणि तारांचा. आमच्या वेळी एका मैदानाची परवानगी काढताना मला तीन चकरा पडायच्या.

आणि आता माझा आवडता भाग. असं सांगतात की गाडी सुटली आणि मग कळलं, बुटांचं बोचकं मागेच राहिलंय. एकवीस जणांचे बूट! पुढच्या स्टेशनवरून तार गेली आणि बूट मागच्या गाडीनं येऊन पोचले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला, ग्लोव्हजची आठवण होऊन. बाहेरचं पाणी बाधू नये म्हणून गावच्या झऱ्याच्या पाण्याची पिंपंही गाडीत चढवली होती म्हणे. पोरांना घेऊन परगावी गेलेल्या कुणालाही विचारा, पट्टी बांधून खेळणारा मिळतो. पाण्याची आठवण ठेवणारा मिळत नाही.

पुढे हेच सवानी एसईसी या बड्या लीगमध्ये संस्थापक म्हणून बसलं आणि तिथली एकही मॅच न जिंकता १९४० मध्ये बाहेर पडलं. मोठी विद्यापीठं फुटबॉलवर पैसा ओतत राहिली, या एवढ्याशा कॉलेजला ते झेपण्यासारखं नव्हतं.

ल्यूक ली मात्र स्वस्थ बसणाऱ्यातला नव्हता. तो अमेरिकेचा सिनेटर झाला, मग पहिल्या महायुद्धात कर्नल. जानेवारी १९१९ मध्ये हे महाशय काही साथीदारांना मोटारीत घालून हॉलंडमध्ये घुसले, तिथे आसऱ्याला असलेल्या जर्मन कैसरला, म्हणजे माजी सम्राटाला उचलून आणायला! कैसर काही हाती लागला नाही. साथीदारांपैकी एकानं कैसर राहत होता त्या वाड्यातला ॲशट्रे तेवढा खिशात घालून आणला.

यावेळी बूट बहुधा सगळ्यांच्या पायात होते.