दहा हजार शेअर, पण किती पैकी?

"मावशी, आधी हे वाच, मग बोल," म्हणून भाच्याने परवा एक मेसेज पाठवला. याआधी तोच मला तिघांकडून आला होता, तेव्हा न वाचता उडवला. पण भाचा त्याच्या जोरावर चालू नोकरी सोडून निम्म्या पगारावर स्टार्टअपमध्ये निघालाय, म्हणून वाचला. त्यातले दावे असे: स्टार्टअपच्या एका वर्षात पाच वर्षांचं शिकून होतं, तिथे कुणी साहेब नसतो, सगळे घरच्यासारखे म्हणून तास मोजायचे नसतात, आणि पगार कमी असला तरी शेअर मिळतात, म्हणजे तुम्ही मालकच.

शिकण्याचं निम्मं खरं आहे, कबूल. अशा कंपनीत मी साडेतीन वर्षं काढली. कोड लिहिला, ग्राहकांचे फोन घेतले, मध्यरात्री सर्व्हर बसला की उठवला. पण चुकतंय कुठे हे सांगणारं जाणतं माणूस शेजारी नव्हतं, त्यामुळे बऱ्याच चुकाही मी मन लावून शिकले.

साहेब असतो. दारावर पाटी नसते एवढंच.

घरच्यासारखं म्हणाल, तर पैसे संपले म्हणून घरातून कुणाला काढत नाहीत. आणि तास मोजा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये मांडलेला हिशेब असा: आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा 55 किंवा जास्त तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त.

आता ते 'मालक' प्रकरण. मुळात हातात शेअर पडतच नाही. पडतो तो ठरलेल्या भावाने पुढे शेअर विकत घेण्याचा हक्क. तोही साधारणपणे चार वर्षांत हप्त्याहप्त्याने, आणि पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत सोडलंत तर शून्य. नंतर सोडलंत तर बऱ्याच ठिकाणी 90 दिवसांत खिशातून पैसे भरून घ्या, नाहीतर हक्क गेला. एवढं करून कंपनी विकली गेलीच, तर आधी गुंतवणूकदार आपला वाटा उचलतात. उरलं तर तुमचं.

खोटं वाटत असेल तर गुड टेक्नॉलॉजी या कंपनीचं काय झालं ते बघा. एके काळी तिचं मूल्य 110 कोटी डॉलर धरलं जात होतं. 2015 मध्ये ब्लॅकबेरीने ती 42.5 कोटींना घेतली. गुंतवणूकदारांच्या खास शेअरला तीन डॉलरच्या वर मिळाले, कर्मचाऱ्यांच्या साध्या शेअरला 44 सेंट. काहींनी तर त्याआधी चढ्या भावावर करही भरून टाकला होता. हे मालक! माझी कंपनी विकली गेली नाही, बंदच पडली, त्यामुळे माझा हिशेब सोपा होता. कागद अजून फायलीत आहे.

भाच्याला विचारलं, "तुला किती देतायत?"

"दहा हजार शेअर," छाती फुगवून.

"किती पैकी?"

गप्प. एकूण दहा लाख असतील तर एक टक्का, एक कोटी असतील तर एक दशांश टक्का. लंकेत सोन्याच्या विटा असतील, पण आपल्या वाट्याला किती हे नको विचारायला? शेवटी त्याने माझ्यासमोरच कंपनीला तीन ओळींचा मेल टाकला: एकूण शेअर किती, विकत घ्यायचा भाव काय, सोडल्यावर मुदत किती. तासाभरात उत्तर आलं, "ही माहिती रुजू झाल्यावर देऊ."