साहेब कधी येणार?

बांधकामाच्या साइटवर पाय ठेवला की ठरलेला प्रश्न: "मॅडम, साहेब कधी येणार?" अहो, कुठले साहेब? इंजिनिअर मी, ड्रॉइंगवर सही माझी, सळईचा हिशेब माझा!

परवा बेळगावात अनगोळला स्लॅबची तयारी चाललेली. सळई थेट सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) प्लेटवर टेकलेली, खाली २० मिमीचे कव्हर ब्लॉकच नाहीत, म्हणजे सळई उचलून धरणारे छोटे ठोकळे. म्हटलं, आधी ते घाला. मिस्त्री ढिम्म. सेंट्रिंगवाल्याकडं बघून कन्नडमध्ये "सर यल्ली?" (सर कुठायत?) म्हणाला, वर हसला. मग माझ्या हाताखालच्या, गेल्या वर्षी पास झालेल्या पोरानं माझंच वाक्य म्हटलं. लगेच "हो सर"! डोकंच फिरलं.

शकुंतला भगत १९५३ मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या, पुढं पूल उभारले. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ तर आपल्याच बेळगावात. मुली ढिगानं शिकतात, आणि नोकरी लागली की "तुम्ही ऑफिसात कॅडवर, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढत बसा." घमेली वाहायला बायका चालतात बरं का, त्यांना कोण ऊन लागेल म्हणत नाही. त्यांच्यासाठी संडास? विचारूच नका.

वास्तुशांतीला मात्र आठवणीनं बोलावणं येतं. सरांना शाल-श्रीफळ, मला हळदीकुंकू.